गाडी निघाली आहे

पहिला दगड फांदीला आपटून परत माझ्याच पायाशी आला. दुसरा पलीकडे गेला, पण दोरी काट्यात गुंतली. तिसऱ्यांदा फेकला तेव्हा कुठे दोरी जांभळाच्या फांदीवरून सरकून खाली लोंबली.

"काय ओ ताई, माकडं हाकलताय काय?" पाण्याच्या टेबलामागून कमल शेलारनं विचारलं.

"तार बांधतेय. रेडिओची."

"ही? ही तर आमच्या धुण्याच्या दोरीवानी दिसती. मला वाटलं टावर येणार."

ती तशी दिसायची खरी. बाजारात मिळते ती साधी विजेची तार, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. टोकांना प्लंबिंगच्या पाइपाचे कापलेले तुकडे, त्यांना नायलॉनची दोरी. मधोमध जोड, आणि तिथून खाली रेडिओच्या सेटपर्यंत येणारी केबल. सगळं गुंडाळलं की एका पिशवीत मावायचं. दोन झाडांच्या मध्ये, माझ्या डोक्याच्या जरा वर मी ती ताणून बांधली, गाडीची बॅटरी जोडली, सेट चालू केला आणि हाक दिली.

"मिळतोय आवाज," नाना खर्डेकर पठारावरून म्हणाले. "शाब्बास वैजू. बस आता तिथंच."

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारची. वाघजाई पठारावर यशोधन शितोळे नावाच्या माणसानं बंगल्यांचे प्लॉट पाडले होते. ते लोकांच्या नजरेत भरावेत म्हणून त्यानं डोंगरातल्या पळण्याची मोठी स्पर्धा ठेवली. पठारावरून निघायचं, खाली सोनघळीत उतरायचं, आणि पलीकडच्या खिंडीनं पुन्हा वर यायचं. घळीत मोबाइलला रेंज नव्हती. हातातले छोटे वायरलेस सेट मधल्या डोंगराला अडायचे. म्हणून शितोळेनं आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबाला बोलावलं. नाना आमचे अध्यक्ष. ते वर, मांडवातल्या मुख्य सेटवर. मी खाली घळीत, चढाच्या आधीच्या शेवटच्या पाण्याच्या ठाण्यावर. जीप आम्हा दोघींना सामानासकट सोडून परत वर गेली होती.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. कॉलेजात असताना मला रेडिओचा नाद त्यांनीच लावला. लायसन्सच्या परीक्षेला त्यांनी माझ्याकडून तयारी करून घेतली, आणि निकाल लागला तेव्हा माझ्या आईला पेढे भरवायला स्वतः घरी आले. घळीत तार बुटकी बांधायची हेही त्यांनीच शिकवलेलं. "उंच बांधायच्या फंदात पडू नकोस," ते म्हणायचे. "बुटक्या तारेच्या लहरी सरळ वर जातात, आभाळाला आपटतात आणि छत्रीसारख्या चहूकडे खाली येतात. मग मधे डोंगर असला तरी त्याला विचारतंय कोण!" वडील गेल्यावर मी कुणाचं ऐकत असेन तर नानांचं.

सकाळचे पळणारे आले आणि गेले. मी एकेकाचा नंबर वर कळवत होते, कमल लिंबू-मीठ-पाणी देत होती. दुपार चढली तशी घळ तापली. वारा अजिबात नव्हता. दोन्ही बाजूंच्या कातळातून झळा येत होत्या. आता तुरळक मागे राहिलेले येत होते, पाय ओढत, ओठांवर पांढरे पापुद्रे सुटलेले.

तो आला तेव्हा प्रथम मला वाटलं, हा गंमत करतोय. तिशी ओलांडलेला, काटक माणूस. छातीवरच्या कापडावर नंबराखाली नाव छापलेलं होतं, भालचंद्र लवटे. तो टेबलापाशी आलाच नाही. करवंदीच्या जाळीसमोर थांबला, पाय जुळवले आणि खणखणीत आवाजात ओरडला, "ओळीत उभे राहा! ए, मागचा, हसतोस काय? सावधान!"

कमल हसली. मग तिनंच हसणं गिळलं.

"विश्राम," तो जाळीला म्हणाला, आणि आडवा झाला.

मी धावले. अंगाला हात लावला आणि पटकन मागे घेतला, इतकं ते भाजत होतं. घामाचा एक थेंब नव्हता. डोळे उघडे, पण बुबुळं कुठेच ठरत नव्हती. त्यानं ओकारी केली, पिवळी, आंबूस, ती माझ्या हातावरून ओघळली आणि लगेच माश्या आल्या. कमलनं त्याला सावलीत ओढलं. मी सेटकडे पळाले.

"नाना, इमर्जन्सी. एक माणूस पडलाय. ऊन लागलंय, बेशुद्ध होतोय. ॲम्ब्युलन्स लगेच खाली पाठवा. ओव्हर."

थोडी खरखर. मग नानांचा शांत आवाज, "मेसेज मिळाला. थांब जरा."

मी थांबले. पाच मिनिटं गेली असतील.

"वैजू, गाडी निघाली आहे. ओव्हर."

त्या एका वाक्यानं मला धीर आला. शितोळेची नवीकोरी पांढरी ॲम्ब्युलन्स मी सकाळी पाहिली होती. कच्च्या रस्त्यानं तिला अर्धा तास लागला असता. मी कमलला म्हणाले, "निघालीय गाडी." तिनं पदर ओला करून लवटेच्या कपाळावर ठेवला आणि पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा खोका फाडून त्याला वारा घालू लागली.

"मी वर वस्तीवर जाऊन बघू का?" तिनं विचारलं. "एक ट्रॅक्टर आहे तिथं. ट्रॉलीत घालून नेऊ."

"नको. ट्रॉलीत हाडं खिळखिळी होतील त्याची. ॲम्ब्युलन्स येतेच आहे."

अर्धा तास गेला. रस्त्यावर धूळ नाही, आवाज नाही.

"नाना, गाडी दिसत नाही अजून."

"वाटेत आहे. रस्ता खराब आहे गं. धीर धर."

त्यांच्या आवाजामागे ढोल-ताशे ऐकू येत होते. कुणीतरी माइकवर कुणाचं तरी स्वागत करत होतं.

लवटे आता बोलत नव्हता. मधूनच घशातून घरघर यायची. कमल त्याच्या चेहऱ्यावरच्या माश्या हाकलत होती आणि दर खेपेला रस्त्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळू लागले. मग एकाएकी त्याची पाठ कमानीसारखी उचलली गेली आणि हातपाय आपटू लागले.

"नाना! त्याला झटके येताहेत. गाडी कुठंय नक्की? ड्रायव्हरशी बोलणं झालं का?"

"वैजू, फ्रिक्वेन्सी जरा मोकळी ठेव. पाहुणे आलेत. विजेत्यांची नावं तपासायची आहेत, वरच्या ठाण्यावरून घेतोय."

"नाना, माणूस मरतोय इथं!"

"गाडी निघाली आहे म्हणून सांगितलं ना तुला?" आणि ते बंद झाले.

तेवढ्यात त्याच खरखरीतून एक अनोळखी आवाज आला. म्हातारा, घोगरा, घाई नसलेला.

"ब्रेक, ब्रेक, मधेच बोलायलोय. मॅडम, मी डॉक्टर हत्तुरे बोलायलोय, अक्कलकोटहून. मघापासून ऐकायलोय तुमचं. पेशंटचं अंग कसं आहे? गार का गरम?"

"तव्यासारखं आहे, डॉक्टर."

"आता ऐका. मी जनावरांचा डॉक्टर आहे, ते आधी सांगून टाकतो. पण ऊन लागल्यावर माणूस काय अन् बैल काय, अंग गार केलं तरच जगतंय. नुसतं कपाळ भिजवून भागत नाही. कपडे काढा. असेल नसेल तेवढं पाणी सगळ्या अंगावर ओता, अन् दोघींनी वारा घाला. कुशीवर निजवा. तोंडात थेंबसुद्धा घालू नका. तुमचा तालुका कुठला?"

मी सांगितलं.

"तिथल्या सरकारी दवाखान्याला मी फोन लावतो. घळीला यायचा रस्ता सांगा. अन् सेट बंद करू नका."

"पण गाडी निघालीय म्हणतात."

"निघाली असली तर दोन येतील, मॅडम. बिघडत नाही."

आम्ही पिण्यासाठी ठेवलेले सगळे कॅन त्याच्या अंगावर रिकामे केले. कमलनं ठाण्याचा फलक उपटला, त्यावर शितोळेचा हसरा फोटो होता, आणि त्या फलकानं वारा घातला. दर थोड्या वेळानं हत्तुरे बोलत होते. फोन लागला. डॉक्टर जागेवर आहेत. गाडी जुनी आहे पण चालू आहे. ड्रायव्हरला रस्ता माहीत आहे. त्यांनी एकदाही नुसतं "निघाली" म्हटलं नाही. "फाटकातून बाहेर पडली, त्यांच्या नर्सबाईंनी डोळ्यांनी बघितली," असं म्हणाले.

तासाभरानं धूळ दिसली, ती खालच्या बाजूनं, तालुक्याच्या रस्त्यावर. एक मिचमिच्या दिव्याची, दार तारेनं बांधलेली व्हॅन. लवटेचा श्वास चालू होता. कमल त्याच्याबरोबर गेली. मागे अजून दोघे पळणारे घळीत असल्यामुळे मला थांबणं भाग होतं. ते आले, तोवर जीप आली. मी तार सोडली, गुंडाळली आणि वर गेले.

पठारावर जेवणं उरकत आली होती. मांडवाबाहेर उष्ट्या पत्रावळींचा ढीग, त्यात श्रीखंडात बुडालेल्या पुऱ्या, कुत्री, माश्या. आणि त्या ढिगापासून हाकेच्या अंतरावर ती पांढरी ॲम्ब्युलन्स. चाकांना धूळसुद्धा नव्हती. ड्रायव्हर पायरीवर बसून जेवत होता.

"तुम्ही सोनघळीत यायला कधी निघालात?"

"मी? मी कुठंच नाही गेलो, ताई."

"पण दुपारी तुम्हाला निरोप आला असेल."

"आला की. पण आत हिरो बसले होते ना, ते मालिकेतले, पाहुणे म्हणून आलेले. बाहेर लई ऊन, अन् एसी फक्त ह्याच गाडीला. शितोळे साहेब म्हणाले, स्टेजवर जाईपर्यंत गाडी हलवायची नाही, एसी बंद करायचा नाही." त्यानं घास चावला. "तुमचे ते रेडिओवाले म्हातारे आले होते दोनदा. खाली कुणीतरी पडलंय म्हणाले. साहेबांनी सांगितलं, कार्यक्रम होऊ दे, मग सोडतो. ते बरं म्हणाले अन् गेले. नंतर हिरोंचं भाषण लांबलं. मग मला वाटलं, मिटलं असेल."

मी मांडवात गेले. नाना पहिल्या रांगेत बसले होते. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ, हातात जिलेबीची बशी.

"आलीस? ये, ये. झकास काम केलंस. शितोळेसाहेब खूश आहेत आपल्यावर."

"नाना, गाडी निघालीच नव्हती."

त्यांनी बोटाला लागलेला पाक चाटला. "निघणारच होती गं."

"तुम्ही निघाली म्हणालात. मी तुमच्या शब्दावर थांबले. कमल ट्रॅक्टर आणत होती, मी तिला नको म्हणाले."

"मग काय म्हणायला हवं होतं? उघडा बँड, सगळा देश ऐकतोय, तिथं सांगू की गाडी नाही म्हणून? इतक्या मोठ्या कार्यक्रमाची शोभा?" ते माझ्याकडे झुकले. "वैजू, साहेब आपल्याला इथं रिपीटरला जागा देताहेत. टॉवर बांधून देणार आहेत. तीन जिल्ह्यांत आपला आवाज पोचेल. किती वर्षं मागे लागलोय मी, माहितीय ना तुला? आणि गेला ना तो माणूस दवाखान्यात? मग झालं तर. खाऊन घे आधी, चेहरा बघ किती उतरलाय."

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. लायसन्स मिळालं त्या दिवशी पेढा धरला होता, तसाच. पाकाचा थेंब शालीवर पडला, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला आणि अंगठा पुन्हा चाटला. माझ्या हाताला अजून लवटेच्या ओकारीचा वास येत होता. त्या वासानं मला घळीत काही झालं नव्हतं. इथं मात्र मी मांडवामागे गेले आणि आतडी पिळवटून ओकले.

लवटे सांगोल्याकडच्या एका शाळेत पीटीचा मास्तर होता. शुद्धीवर यायला त्याला आठवडा लागला. त्याची बायको सुमन हिनं पोलिसांत तक्रार दिली. त्यानंतर एका संध्याकाळी नाना आमच्या घरी आले. आईनं नेहमीसारखी त्यांना वडिलांची खुर्ची दिली आणि आलं घालून चहा केला.

"परवा तालुक्याला जबाब आहे," नाना म्हणाले. "साधी गोष्ट आहे. तुझी तार दुपारी पडली, असं सांगायचं. मेसेज अर्धवट आला, मला कळलाच नाही. घरगुती तार, वाऱ्यानं पडली. कुणाची चूक नाही."

"वारा नव्हता, नाना."

"मग दोरी तुटली म्हण. अगं, तारेवर कोण खटला भरणार आहे? माणसं सुटतात सगळी. तूसुद्धा."

"मी कशातून सुटायचंय?"

"ट्रॅक्टर नको कुणी म्हटलं?" ते अगदी मायेनं म्हणाले. "मी नाही बोलणार ते कुठं. पण कुणी विचारलं तर?"

आई दारात उभी होती. तिला रेडिओतलं काही कळायचं नाही. ती पुढे आली, त्यांच्या समोरचा अर्धा भरलेला कप उचलला आणि म्हणाली, "नाना, या आता तुम्ही."

ते गेल्यावर तिनं तो कप घासला नाही. मागच्या दारानं जाऊन उकिरड्यावर टाकला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. लवटे जगला. पण उन्हानं मेंदूचा तोल नेला तो नेलाच. चालताना तो दारुड्यासारखा झोकांड्या खातो आणि बोलताना शब्द ओढतो. शाळेनं त्याला ग्रंथालयात बसवलं. शितोळेवरची केस वर्षानुवर्षं तारखा खात राहिली आणि विझली. प्लॉट विकले गेले. पठारावर टॉवर झाला. मी क्लबाच्या बैठकीत सगळं सांगितलं तेव्हा माणसं बशीतल्या बिस्किटांकडे बघत बसली. एक जण म्हणाला, "ताई, झालं ते झालं, नानांचं वय बघा." मी त्या दिवशी क्लब सोडला. नाना मरेपर्यंत अध्यक्ष होते आणि आता तिथं त्यांच्या फोटोला हार असतो.

मला आठवत राहतं ते पोलीस ठाण्यातलं. जबाबाचा दिवस. फौजदाराच्या टेबलासमोर नाना, त्यांच्या शेजारी शितोळेचा वकील. भिंतीकडच्या बाकावर सुमन लवटे, मांडीवर पिशवी घट्ट धरून. नानांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. तार पडली, पुढचा मेसेज आलाच नाही. आवाजात जराही थरथर नव्हती, घळीत माझ्याशी बोलताना होता तोच समजूतदार आवाज. मी जे घडलं ते सांगितलं, ट्रॅक्टरसकट.

फौजदारानं पेन खाली ठेवलं. "तुमचं एक, ह्यांचं एक. टेलिफोनची नोंद तरी असते. रेडिओवर कोण काय बोललं ते सांगणार कोण?"

दारातून आवाज आला, "मी सांगतो की."

मी त्यांना पाहिलं नव्हतं कधी. धोतर, काळा कोट, बगलेत छत्री, कपाळावर भस्माची बोटं. एसटीचा प्रवास अंगावर दिसत होता. आदल्या दिवशी मी त्यांना रेडिओवर जबाबाचा दिवस सांगितला होता. ते फक्त "बरं" म्हणाले होते. येतो असं काही म्हणाले नव्हते.

"हत्तुरे. अक्कलकोट," ते फौजदाराला म्हणाले. "मी पहिल्यापासून ऐकायलो होतो. ह्यांनी गाडी मागितली. त्यांनी निरोप मिळाला म्हटलं. मग गाडी निघाली आहे म्हटलं. मग वाटेत आहे. मग झटके येताहेत म्हटल्यावर, फ्रिक्वेन्सी मोकळी ठेव. मग पुन्हा, गाडी निघाली आहे म्हणून सांगितलं ना तुला. तार कुठं पडली नव्हती. संध्याकाळपर्यंत मीच बोलत होतो त्या तारेशी."

सुमन लवटे उठून उभी राहिली. वकिलानं कागद चाळायला घेतले. मी नानांकडे बघत होते. वाटलं, आता तरी ते मान खाली घालतील. रडतील. चिडतील निदान.

नानांचा चेहरा उजळला होता. खरोखर उजळला. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"म्हणजे हत्तुरे तुम्ही! आवाजावरून ओळखायला हवं होतं. अहो, भर दुपारी, अक्कलकोटपर्यंत? माझीही साधी तारच होती तिकडं, बुटकी. कसा येत होता माझा सिग्नल?"

त्यांना ते खरंच हवं होतं. त्या खोलीत, त्या बाईसमोर, त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

हत्तुरेंनी त्या हाताकडे पाहिलं. छत्री दुसऱ्या बगलेत घेतली, पण हात पुढे केला नाही.

"एकदम स्वच्छ," ते म्हणाले. "एक शब्द गळाला नाही. म्हणून तर आलो."